खिशातले तीन फ्यूज

आमच्याकडे विजेला वीज कोणी म्हणत नाही. वीज म्हणजे पावसात कडाडते ती. तारेतून येते ती लाईन. लाईन आली, लाईन गेली, लाईन कमी येऊन राहिली, एवढ्या तीन वाक्यांत आमच्या भागातला निम्मा दिवस सांगून होतो. मी पांढुर्ण्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सव्वीस वर्षं झाली. दर हिवाळ्यात तो धडा येतो, विद्युत आणि तिचे उपयोग. राज्य हिंदी भाषेचं म्हणून पुस्तक हिंदीत, पोरं बोलणार मराठीत, आणि मी दोघांच्या मधे घसा कोरडा करत उभी. पोरं उत्तर लिहितात: दिवा, पंखा, मिक्सर, टीव्ही, पाण्याची मोटर. मी लाल पेनानं पाच खुणा करते आणि पुढची वही ओढते. एका वर्षी एका मुलीनं सहावा उपयोग लिहिला होता: लाईन आली की बाबा ताटावरून उठतात. हा काही उपयोग नव्हे म्हणून मी त्यावर काट मारली आणि खाली शेरा दिला, प्रश्न नीट वाचावा.

यंदा तो धडा मी दोनदा पुढे ढकलला. मागच्या पौषात माझ्या हातून एक चूक झाली. ती माझ्या वडिलांच्या नावावर गेली, आणि मी ती तिथेच राहू दिली. त्यापायी त्यांची बाग सुटली. बागेचं एक वेळ सोडा, त्यांचा स्वतःवरचा भरवसा सुटला. हे लिहायला मला लाज वाटते. पण थकव्याचं एक बरं असतं, माणसाला खोटं सांभाळत बसायचीही ताकद उरत नाही.

बाबांची संत्र्याची बाग रामाकोन्याच्या शिवारात आहे. पांढुर्ण्याहून सौंसरला एक बस, सौंसरहून पुढे दुसरी, आणि मग पाऊण तास पायी. आई गेल्यापासून बाबा तिथे शेतातल्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. भाऊ नागपूरला नोकरीत, तो माझ्याहून लहान. माझं लग्न झालं नाही, म्हणजे केलं नाही, त्यामुळे घरातल्या सगळ्यांच्या हिशेबी मी रिकामीच. दर रविवारी बाबांकडे जायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

संत्र्याच्या झाडाचं एक विचित्र आहे. त्याला फुलं हवी असतील तर आधी तहान द्यावी लागते. दिवाळीनंतर झाडांवरची फळं उतरवून झाली की काही दिवसांनी पाणी तोडायचं आणि मग चाळीसेक दिवस एक थेंब द्यायचा नाही. याला ताण म्हणतात. पानं दुपारी मलूल होतात, मग पिवळी पडतात, थोडी गळतात. बघणाऱ्याला वाटतं, मेली झाडं. नेमक्या त्या वेळी, संक्रांतीच्या आसपास, पहिलं पाणी सोडायचं. मग माघात सगळी बाग पांढरी होते आणि वास थेट रस्त्यापर्यंत येतो. पाणी लवकर मिळालं तर झाड फुलायचं विसरतं आणि नुसती नवी पालवी टाकतं, तिला आमच्याकडे नवती म्हणतात. उशीर झाला तर झाड खरोखरच जातं. किती दिवस हे पुस्तकात मिळत नाही. जमीन हलकी की भारी, थंडी किती, यावर ते असतं. बाबा दुपारी पान तळहातावर धरायचे, दुमडायचे, सोडायचे, पुन्हा सकाळी तेच झाड जाऊन पाहायचे. आजूबाजूचे बागवाले, माझ्याच वयाचे, त्यांना येऊन विचारायचे, "आबा, आमचं पाणी कवा सोडू?" बाबा त्यांच्या बागेत जाऊन एक चक्कर मारायचे आणि दिवस सांगायचे. तेवढ्यासाठी ते वर्षभर जगतात असं आई चेष्टेनं म्हणायची.

ताणात सगळ्यात मोठी भीती मोटरची. शेतीच्या मोटरीला थ्री फेज लागते, म्हणजे जोराची लाईन. घरातले दिवे एरवीही लागतात, पण मोटर फक्त ती आल्यावरच चालते, आणि ती ठरल्या तासांपुरतीच येते. हे तास बदलत राहतात, एका आठवड्यात पहाटे, पुढच्यात दुपारी. एरवी सगळे तिच्या वाटेकडे डोळे लावून असतात, पण ताणात मात्र ती आलेली नको असते. कुणी चुकून बटण दाबलं, पाहुण्याला आंघोळीची हौस आली, की महिनाभराचा ताण एका दुपारी तुटतो. म्हणून बाबांची एक रीत होती. ज्या दिवशी पाणी तोडायचं त्या दिवशी ते विहिरीजवळच्या मोटरच्या खोलीत जायचे, बोर्डावरचे चिनीमातीचे तीन पांढरे फ्यूज ओढून काढायचे, बंडीच्या खिशात टाकायचे आणि खिशाला सेफ्टीपिन लावायचे. चाळीस दिवस ते फ्यूज त्यांच्या अंगावर असत. चालताना खिसा वाजायचा. आई धुवायला बंडी मागायची तेव्हा ते आधी फ्यूज काढून दुसऱ्या बंडीत घालायचे आणि मगच ही द्यायचे. पहिल्या पाण्याच्या दिवशी आई तीळगूळ करायची, तो फ्यूजच्या बोर्डाखाली ठेवायचा, फ्यूज बसवायचे आणि मग स्टार्टर दाबायचा. विजेची पूजा म्हणा हवं तर. मला शिकल्यासवरल्या बाईला त्याचं हसू यायचं.

तीन वर्षांपूर्वी बाबा बांधावरून पाय घसरून पडले. लाईन आली म्हणून घाईनं निघाले होते. गुडघा सुजला, महिनाभर काठी. भावानं फोनवर आरडाओरडा केला, आणि मी, घरातली विज्ञानवाली, उपाय शोधला. जुना बोर्ड काढून टाकला आणि नवी लोखंडी पेटी बसवून घेतली. तिच्यात एक बटण होतं ऑटोचं. ते एका बाजूला फिरवून ठेवलं की लाईन येताच मोटर आपोआप सुरू होते, जाताच आपोआप थांबते. कुणाला पळायला नको. आमच्या भागात आता घरोघर हेच आहे. मी बाबांना समोर उभं करून समजावलं, वर्गात सांगते तसं, दोनदा. बाबांनी पेटीचं दार उघडलं, आत वाकून पाहिलं, इकडं बोट लावलं, तिकडं लावलं.

"याच्यात काढाले काई नाई," ते म्हणाले.

"कशाला काढाचं, बाबा? बटण फिरवलं की बंद."

"मंग ताणात खिशात काय ठेवू?"

मी हसले. पेटी बसवणारा माणूसही हसला. बाबांनी जुने तीन फ्यूज बिस्किटाच्या डब्यात ठेवले आणि त्यानंतर ताणाच्या दिवसांत एक नवं सुरू केलं. रोज सकाळी पेटीपाशी जायचे, ऑटोचं बटण एकदा चालूकडे फिरवायचे आणि परत बंदकडे आणायचे. बंद आहे याची खात्री करायला. मी म्हणायचे, बाबा, बंद आहे ते दिसतंच की. ते म्हणायचे, "दिसते, पन हाताले समजलं पायजे."

आता तो रविवार. मागच्या पौषातला, ताणाचा पंचवीस-सव्विसावा दिवस असेल. त्या आठवड्यात शाळेत मतदार याद्यांचं काम होतं, शिष्यवृत्तीचे फॉर्म होते, सर्व्हर बंद पडला होता, आणि मी शनिवारी संध्याकाळी मुख्याध्यापकांशी भांडून आले होते. रविवारी सकाळची बस उभ्यानं काढली. बाबांकडे पोचले, भाकरी टाकल्या, कपडे धुतले. जेवून बाबा खाटेवर आडवे झाले. मी बागेच्या वरच्या अंगाला एक मेथी-पालकाचा वाफा केला होता, दिवाळीनंतर, उगाच हौस म्हणून. तो सुकून चालला होता. घरापुरती लहान मोटर आहे, तिचं पाणी तिथवर पोचत नाही. मनात आलं, पंधरा मिनिटं विहिरीची मोटर चालवू, आपण फावडं घेऊन उभं राहू, वाफा भरला की बंद करू. बागेत थेंब जाऊ द्यायचा नाही. बाबांना उठवून विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही.

मी वाफ्याकडचा कॉक उघडला. खोलीत जाऊन पाहिलं तर लाईन नव्हती. दोन वाजता येईल असं शेजारच्या शेतातला गडी म्हणाला. मग मी ऑटोचं बटण चालूकडे फिरवून ठेवलं, म्हणजे आली की कळेल, आणि वाफ्याशी येऊन बसले. दोन वाजले, अडीच वाजले. लाईन आली नाही. माझ्या डोक्यात एकच, सौंसरची बस चुकली तर पांढुर्ण्याची चुकेल आणि सोमवारी याद्या. तीनला मी उठले, पिशवी उचलली, बाबांना हाक मारून निघते म्हणाले आणि गेले. कॉक उघडा, बटण चालू. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली म्हणून मला बरं वाटल्याचं नीट आठवतं.

सोमवारी सकाळी बाबा डोळे दाखवायला सौंसरला गेले, पहिल्या बसनं, पेटीपाशी न जाता. नऊ वाजता लाईन आली. मोटर कुणाला न विचारता सुरू झाली, तिला मी तेच शिकवलं होतं. बाबा येईपर्यंत चार तास चालली. वाफा पहिल्या दहा मिनिटांत भरला, फुटला, आणि पाणी उताराला लागून बागेच्या खालच्या निम्म्या भागात शिरलं. बाबा परतले तेव्हा झाडाझाडाच्या आळ्यात पाणी साचलं होतं आणि बगळे उतरले होते.

त्यांचा फोन आला तेव्हा मी मधल्या सुट्टीत डबा खात होते. "बाई, मोटर चालून राहिली होती," एवढंच ते म्हणाले. मला त्याच क्षणी सगळं दिसलं, कॉक, बटण, पिशवी उचलणारा माझा हात. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "मीच इसरलो असीन. शनवारी सकाळी फिरवून पाह्यलं होतं, रविवारी बी. परत आनलंच नसन." आणि माझ्या तोंडात आलेलं मी गिळलं. तेव्हा म्हटलं, फोनवर नको, रविवारी समोर बसून सांगू.

रविवारी भाऊही आला होता, नागपूरहून गाडी घेऊन. तो बागेत एक फेरी मारून आला आणि बुटांचा चिखल काढता काढता बोलायला लागला. मागे बाबा दूध गॅसवर ठेवून बाहेर गेले होते, बसमध्ये दुसऱ्याची पिशवी घेऊन उतरले होते, आणि आता हे. "ताई, यांचं आता एकट्यानं होत नाही. उद्या काही पेटवून ठेवतील." बाबा खाटेवर बसले होते आणि मान हलवत होते, आपल्याविषयीच्या आरोपाला शाळेतलं पोर हलवतं तशी. "होय," म्हणाले, "ध्यानात नाई राहत आता." मी कप विसळत होते. तीन कप होते. ते मी बराच वेळ विसळले.

का बोलले नाही, हे मी स्वतःला वर्षभर निरनिराळ्या रीतीनं सांगितलं. भावापुढे लाज वाटली. मीच पेटी आणली, मीच धडे दिले, आणि मीच बटण विसरले, हे तोंडानं कसं म्हणू. हे सगळं खरं आहे, पण पुरतं नाही. उरलेलं असं की भाऊ बोलत असताना माझ्या मनात एक चोरटा आनंद झाला. बाबा पांढुर्ण्याला आले तर माझ्या रविवारच्या दोन बस वाचतील. एक दिवस मी झोपून राहू शकेन. मी इतकी थकले होते की माझ्याच चुकीनं माझी सोय होत होती, आणि मी ती होऊ दिली.

माघात बाग फुलली. वरची निम्मी. खालची निम्मी हिरवीगार, कोवळ्या लुसलुशीत पालवीनं भरलेली, रस्त्यानं जाणाऱ्याला तीच जास्त सुंदर वाटली असेल. बाबा दोन्हींच्या मधल्या दांडावर उभे राहायचे, दांड म्हणजे पाण्याचा पाट, आणि हिरव्या बाजूकडे पाठ करायचे नाहीत. बघत राहायचे. त्या वर्षी पाण्याचा दिवस विचारायला कुणी आलं नव्हतं. गोष्ट शिवारभर झाली होती. आबाची मोटर ताणात चालली.

होळीनंतर बाग तीन वर्षांसाठी दुसऱ्याला कसायला दिली आणि बाबा माझ्याकडे आले. एक ट्रंक, दोन बंड्या, बिस्किटाचा डबा. माझं घर दोन खोल्यांचं, भाड्याचं, बाजारापासून जवळ. त्यांना सोय व्हावी म्हणून मी सगळं दाखवलं. हे ट्यूबलाईटचं, हे पंख्याचं, हे कुलरचं, हे मिक्सरचं, हे गीझरचं. ते प्रत्येक बटणाकडे नीट पाहून "हो" म्हणाले.

आणि एकाही बटणाला त्यांनी हात लावला नाही.

पहिले काही दिवस मला ते कळलंच नाही. मी साडेनऊला शाळेत जायची तेव्हा पंखा चालू असायचा. उन्हाळ्यात एके दिवशी लाईन गेली तेव्हा घरमालकीणबाईंनी आत येऊन कुलरचं बटण बंद केलं होतं, आणि मग लाईन परत आली होती. मी पाचला आले तर बाबा बंद कुलरपुढे बसलेले, बंडी घामानं चिकटलेली, चेहरा लाल. मी ओरडले, "बाबा, बटण दाबाचं ना!" ते म्हणाले, "दाबलं न् बंद कराचं इसरलो त?" मी म्हटलं, विसरलात तर काय होणार आहे? काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं.

त्यानंतर ते विचारायला लागले. "हे दाबू काय?" मी घरात असले की विचारायचे आणि मी हो म्हटल्यावरही मला समोर उभं करून दाबायचे. मी नसले की नाही. संध्याकाळी मी शाळेतून, मग शिकवणीवरून, मग भाजी घेऊन यायची, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उजळलेल्या असायच्या आणि माझी तेवढी काळी. आत बाबा खुर्चीवर, हात मांडीवर. पांढुर्णा आता जिल्ह्याचं गाव झालं, चौकात मोठाले दिवे लागले, त्यातल्या एकाचा उजेड खिडकीतून येऊन त्यांच्या पायावर पडायचा. घरमालकीणबाई म्हणायच्या, "किती शांत आहेत हो तुमचे बाबा. कशाला हात लावत नाहीत." मी हसून दार लोटायची. रोज रात्री भाजी चिरताना ठरवायची, आज सांगू. रोज पोळ्या होईपर्यंत कमरेत दुखायला लागायचं आणि म्हणायची, उद्या. असं म्हणत चैत्राचा पौष झाला. आणि माझी रविवारची झोप? ती एकाही रविवारी लागली नाही, पण तो भाग जाऊ द्या.

यंदाच्या संक्रांतीला आठवडा होता. मी सहाच्या सुमाराला आले. खिडकी काळीच. ट्यूब लावली तर बाबांच्या मांडीवर बिस्किटाचा डबा उघडा, आणि तिन्ही फ्यूज त्यांनी पंच्यानं पुसून ओळीत ठेवलेले. मी चहा ठेवला. ते म्हणाले, "बाई, एक काम कर. कागदावर माहं नाव लिहून दे. तुहं नाव, हा पत्ता, तुहा नंबर."

"कशाला?"

"खिशात ठेवतो. बाहेर निंगलो, न् घर ध्यानात नाई राहिलं, त कोनी वाचून आनून सोडन."

त्यांनी हे अगदी कामाचं बोलल्यासारखं सांगितलं. खत आण, दोरी आण, तसं. मी वही फाडून कागद घेतला, पेन घेतलं, त्यांचं नाव लिहिलं. पुढे पेन चालेना. गॅसवर चहा उतू गेला, तो मी बंद केला नाही, त्यांनीच म्हटलं, "चहा पाय." मी उठले, गॅस बंद केला, आणि पाठमोरीच बोलले, कारण समोरून मला जमलं नसतं.

"बाबा, मोटर तुमी नव्हती चालू ठेवली. मी ठेवली होती."

मी सांगत गेले. वाफा, कॉक, लाईन आली नाही, बस. सगळं सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. वर्षभर उचलून फिरत होते ते एवढंसं होतं.

"म्हंजे मी इसरलो नव्हतो," बाबा म्हणाले.

"नाही."

"रविवारी सकाळी बटण परत आनलं होतं मी."

"आणलं होतं, बाबा."

मग म्हणाले, "तुले कवा समजलं?"

"त्याच दिवशी. तुमचा फोन आला तेव्हाच."

मी वळले. मला वाटलं होतं ते चिडतील किंवा, आपण अशी आशा ठेवतोच, जवळ बोलावतील. ते यातलं काही करत नव्हते. ते माझ्याकडे असे पाहत होते, जसे मागच्या माघात त्या हिरव्या झाडांकडे पाहायचे.

"मंग मले इथं कायले आनलं?"

याचं उत्तर मी वर्षभर घोटलं होतं, चांगलं लांबलचक होतं. तोंडातून एवढंच आलं, "मी थकली होती, बाबा. येऊन-जाऊन थकली होती."

"त तसं सांगाचं होतं," ते म्हणाले. "थकली म्हनून. मी काई म्हनलो असतो काय तुले? नको येऊ म्हनलं असतं. मले जेवाले करता येते." मग, अगदी हळू, "एक वर्स मी माह्या हातावर भरोसा नाई ठेवला, बाई."

मी रडले. त्याचं काही सांगण्यासारखं नाही. बाबांनी रडू दिलं. भावाला आत्ता फोन लावते म्हटलं तर म्हणाले, "लाव, पन उद्या लाव. आज नाई." मग ते उठले, भिंतीपाशी गेले, मला न विचारता स्वयंपाकघरातला बल्ब लावला, गाळणीतून अर्धा कप चहा ओतून घेतला, प्यायले, कप विसळून पालथा घातला, आणि बल्ब बंद केला. जेवले नाहीत. आठला अंथरुणावर पडले आणि भिंतीकडे तोंड केलं.

सकाळी पाचला उठून मी गीझर लावला, पाणी तापेपर्यंत म्हणून टेकले, आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन आत आलं होतं. बाबांची खाट रिकामी होती, चादर घडी केलेली. काठी नव्हती. बिस्किटाचा डबा टेबलावर उघडा होता, आत काही नव्हतं. त्याच्या शेजारी काल लिहिलेला कागद होता, नुसतं त्यांचं नाव असलेला, तो त्यांनी नेला नव्हता. सौंसरची पहिली बस सहाला सुटते. चौकापर्यंत वीस मिनिटं, त्यांच्या गुडघ्याला पंचवीस. मी उठून मागे धावले नाही. कुठे गेले ते मला माहीत होतं. बाग दुसऱ्याच्या ताब्यात आहे, मोटरच्या पेटीत ते फ्यूज बसायला जागा नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

उशीर झाला, आता सगळं घर चालूच राहिलं असेल म्हणून मी घाईघाईनं भिंतीपाशी गेले. ट्यूब बंद होती. पंखा, पुढचा दिवा, स्वयंपाकघरातला बल्ब, सगळी बटणं वर. गीझर मी पाचला लावून विसरले होते. तोही बंद होता. फ्रिजचं बटण तेवढं त्यांनी चालू ठेवलं होतं.